थुनार आणि त्याचे प्लगइन: काही महिन्यांच्या वापरानंतर

लिनक्सच्या एक्सएफसीई डेस्कटॉपवर थुनार हाच फाइल मॅनेजर येतो, 2007 च्या एक्सएफसीई 4.4 पासून. हलका आहे, पटकन उघडतो. 4.18 मध्ये एकाच खिडकीत दोन भाग आणि अनडू आल्यावर मला तरी दुसरं काही शोधावंसं वाटलं नाही. त्यामुळे थुनारचं कौतुक इथेच आटोपतं घेतो. लिहायचंय ते प्लगइनबद्दल, म्हणजे थुनारला जादा सोयी देणाऱ्या छोट्या जोडण्यांबद्दल, कारण काही महिन्यांत जे काही अडलं ते जवळजवळ सगळं तिथेच अडलं. आणि दर वेळी चूक दिसते एकीकडे, असते भलतीकडेच. थुनारचे बहुतेक प्लगइन स्वतः काम करत नाहीत, दुसऱ्याकडून करवून घेतात. तो दुसरा जागेवर नसला की बोल प्लगइनला लागतो.

झिपसारख्या फाइली उलगडणाऱ्या आर्काइव्ह प्लगइनचंच बघा. राइट क्लिकवर ‘इथेच उलगडा’ असा पर्याय येतो, तो दाबला की ‘योग्य आर्काइव्ह मॅनेजर सापडला नाही’ असा संदेश. फाइल रोलर हा आर्काइव्ह मॅनेजर तर समोर बसवलेला आहे, थेट उघडला की झिप फाइल उलगडतोही! गोम अशी की हा प्लगइन झिप फाइल उघडणाऱ्या प्रोग्रामच्या डेस्कटॉप फाइलचं (मेनूत प्रोग्राम दाखवणारी नोंद) नाव घेतो आणि अगदी त्याच नावाची, शेवटी ‘डॉट टॅप’ असलेली छोटी शेल स्क्रिप्ट (टर्मिनलच्या आज्ञांची फाइल) स्वतःच्या फोल्डरात शोधतो. मध्यंतरी फाइल रोलरच्या डेस्कटॉप फाइलचं नाव बदलून ‘ऑर्ग डॉट नोम डॉट फाइलरोलर’ झालं, पण स्क्रिप्ट जुन्याच नावाने राहिली. केडीई डेस्कटॉपच्या आर्क या आर्काइव्ह मॅनेजरचंही तसंच. उपाय एका ओळीचा: जुन्या स्क्रिप्टला नव्या नावाची सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) द्यायची. नव्या पॅकेजांत ही जोडणी आधीच असते, पण एखादा कमी प्रचलित आर्काइव्ह प्रोग्राम डीफॉल्ट केला की हाच संदेश पुन्हा भेटू शकतो. ती स्क्रिप्ट एकदा उघडून वाचाच. ‘तयार करा’, ‘उलगडा’ अशा मोजक्या कामांचीच ती असते, हव्या त्या प्रोग्रामसाठी स्वतः लिहिता येते.

नवा प्लगइन बसवूनही मेनूत काहीच दिसत नाही, तेव्हा पॅकेज काढून पुन्हा बसवण्यात वेळ घालवू नका. प्लगइन थुनार सुरू होतानाच वाचले जातात, आणि खिडकी बंद केली तरी थुनार डीमन म्हणून, म्हणजे खिडकीशिवाय, मागे चालूच राहतो. टर्मिनलमध्ये ‘थुनार -क्यू’ देऊन त्याला खरोखर बंद करा, मग त्याच टर्मिनलमधून पुन्हा सुरू करा. याचा दुसरा फायदा मोठा आहे. एरवी कुठेच न दिसणाऱ्या तक्रारी, म्हणजे एखादी लायब्ररी (प्रोग्रामला लागणारी सामायिक कोडची फाइल) सापडली नाही किंवा एखादं सिंबल (त्या कोडमधलं नाव) ओळखता आलं नाही, तिथे लिहून येतात. लायब्ररीचं नाव कळलं की निम्मं काम झालं. प्लगइनच्या ‘डॉट एसओ’ फाइलवर ‘एलडीडी’ ही आज्ञा चालवली की काय गायब आहे त्याची यादीच मिळते.

जुन्या प्लगइनांच्या वाटेला मात्र जाऊ नका. 2018 मध्ये थुनार 1.8 जीटीके 3 वर (खिडक्या आणि बटणं काढणाऱ्या लायब्ररीची नवी पिढी) गेला आणि प्लगइनांचा फोल्डर ‘थुनारएक्स-2’ चा ‘थुनारएक्स-3’ झाला. जुना प्लगइन जुन्या फोल्डरात असेल तर थुनार त्याच्याकडे बघतही नाही, त्यामुळे चूकही दाखवत नाही. कुणी तो उचलून नव्या फोल्डरात टाकला तर जीटीके 2 आणि 3 एकाच प्रोसेसमध्ये येतात आणि थुनार सरळ कोसळतो. यावर उपाय नाही. नव्या जीटीकेसाठी बांधलेली आवृत्ती शोधायची किंवा तो प्लगइन विसरायचा.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते शेअर्स प्लगइनने. फोल्डर नेटवर्कवर द्यायला गेलं की ‘नेट युझरशेअर’ने 255 हा एरर परत केला, असं काहीसं पुटपुटतो. इथे खरा मालक सांबा, नेटवर्कवर फोल्डर वाटणारा प्रोग्राम. आपलं खातं ‘सांबाशेअर’ गटात आहे का ते बघायचं आणि गटात घातल्यावर लॉगआउट करून परत यायचं, नाहीतर बदल लागू होत नाही. तरीही अडलं तर सांबाच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘युझरशेअर मॅक्स शेअर्स’ बघा. सांबाचं मूळ मूल्य 0 आहे, म्हणजे सोयच बंद. काही लिनक्स वितरणं ते 100 करून देतात, सगळी नाही. शिवाय फोल्डर तुमच्याच मालकीचा हवा, दुसऱ्याचा फोल्डर वाटायला सांबा एरवी परवानगी देत नाही.

बाकीचं किरकोळ. कचरापेटी किंवा नेटवर्कची ठिकाणं उघडत नसतील तर जीव्हीएफएस (अशी ठिकाणं फोल्डरासारखी दाखवणारी सेवा) आणि त्याचे बॅकएंड (एकेका प्रकारच्या ठिकाणासाठीचे भाग) बसवलेले नसतात. व्हिडिओची लघुचित्रं दिसत नसतील तर ती बनवणाऱ्या टम्बलरला त्यासाठी वेगळा सोबती लागतो, एफएफएमपेग-थंबनेलर. शिवाय टम्बलरच्या ‘टम्बलर डॉट आरसी’ फाइलमध्ये फाइलच्या आकाराची मर्यादाही असते, मोठे व्हिडिओ तिथे अडतात. पेनड्राइव्ह माउंट करताना ‘अधिकार नाही’ असं आलं तर परवानगी विचारणारा पोलकिटचा एजंट चालू आहे का बघा. स्वतः बनवलेली कृती मेनूत दिसत नसेल, तर ती कोणत्या प्रकारच्या फाइलींवर दिसावी याच्या खुणा तपासा. या कृती ‘यूसीए डॉट एक्सएमएल’मध्ये साठतात, त्या फाइलची एक प्रत काढून ठेवलेली बरी.

माझी खरी नाराजी वेगळीच आहे. काजा आणि निमो हेही फाइल मॅनेजरच. काजाच्या प्राधान्यांमध्ये एक्स्टेन्शनची, म्हणजे प्लगइनांची, यादी असते, निमोतही प्लगइन चालू-बंद करता येतात. थुनारमध्ये अशी यादीच नाही. संशय आला की पॅकेज काढा किंवा ‘डॉट एसओ’ फाइल हलवा. एक पळवाट आहे: ‘थुनारएक्स_डर्स’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू होताना वाचतो ती सेटिंग) रिकाम्या फोल्डरकडे वळवून थुनार सुरू केला, की तो एकाही प्लगइनशिवाय उघडतो. तसा उघडल्यावरही अडचण तशीच राहिली तर प्लगइन निर्दोष. गेली, तर एकेक फाइल त्या फोल्डरात टाकत बघायचं, आणि प्रत्येक वेळी आधी ‘थुनार -क्यू’.

आर्काइव्ह आणि शेअर्स हे दोन प्लगइन मी ठेवले आहेत. मीडिया टॅग्जचा काढून टाकला, बिघडला म्हणून नव्हे, गाण्यांचे टॅग बदलायला मी तो उघडतच नव्हतो.