पत्ता गूगलचा, मजकूर चोराचा

फोनवरचा माणूस घाईत नसतो. आवाज शांत, भाषा अदबीची. "सर, गेल्या तासाभरात तुम्ही दुसऱ्या शहरातून तुमचं खातं उघडलंय का?" तुम्ही नाही म्हणता. मग तो म्हणतो, "मी गूगलच्या सपोर्टमधून बोलतोय, पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. आत्ता एक मेल पाठवतो, पाठवणाऱ्याचा पत्ता नीट तपासा." अर्ध्या मिनिटात मेल येतो. पत्त्याच्या शेवटी खरोखरच गूगल डॉट कॉम असतं, एकही अक्षर इकडचं तिकडे झालेलं नसतं.

माणूस इथेच फसतो, आणि तो निष्काळजी असतो म्हणून नव्हे. 'पत्ता तपासा' हे आपण वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आलो आहोत. त्याने तेच केलेलं असतं. पण पत्त्यावरून एवढंच ठरतं की मेल गूगलच्या यंत्रणेतून निघाला. आतला मजकूर कोणी लिहिला, हे पत्ता सांगत नाही.

हा मेल तयार करायला चोराला हॅकिंग यावं लागत नाही, गूगल फॉर्म्स पुरतं. तो एक फॉर्म बनवतो आणि त्याला 'तुमच्या खात्याची तक्रार, केस क्रमांक अमुक' असं नाव देतो. सेटिंगमध्ये भरणाऱ्याचा ईमेल घेण्याचा आणि उत्तरांची प्रत त्याला पाठवण्याचा पर्याय चालू करतो. मग तो फॉर्म स्वतःच भरतो आणि ईमेलच्या रकान्यात तुमचा पत्ता टाकतो. 'सबमिट' दाबताच गूगलचा सर्व्हर पोच म्हणून मेल पाठवतो, तोही तुम्हाला. पाठवणारा असतो फॉर्म्स-रिसीट्स-नोरिप्लाय ॲट गूगल डॉट कॉम. मेल गूगलच्या यंत्रणेतून निघाल्याची खूण असलेली डिजिटल सही खरी असते, त्यामुळे स्पॅमची चाळणी सहसा हा मेल अडवत नाही. मात्र नीट वाचलं तर एक खूण सापडते. सुरुवातीलाच 'अमुक फॉर्म भरल्याबद्दल धन्यवाद' अशा अर्थाचं वाक्य असतं आणि खाली प्रश्न-उत्तरांचा साचा दिसतो. तुम्ही कुठलाही फॉर्म भरलेला नसताना पोच आली असेल, तर फोन तिथेच ठेवा.

हीच युक्ती ड्राइव्हवर फाइल शेअर करून, डॉक्सच्या कमेंटमध्ये तुमचा उल्लेख करून किंवा कॅलेंडरचं आमंत्रण धाडूनही करता येते. कोणाचाही मजकूर पोहोचवणं हेच या साधनांचं काम आहे. कॅलेंडरपुरता उपाय सोपा आहे: सेटिंगमध्ये आमंत्रणं आपोआप जोडण्याच्या जागी 'पाठवणारा ओळखीचा असेल तरच' हा पर्याय निवडा. ड्राइव्हमध्ये त्या फाइलवरूनच पाठवणाऱ्याला ब्लॉक करता येतं.

पुन्हा फोनकडे येऊ, कारण खरी चोरी पुढच्या मिनिटात होते. मेल पाहून तुमची खात्री पटली की तो म्हणतो, "आता तुमच्या मोबाइलवर तीन आकडे दिसतील, त्यातला ४७ दाबा. म्हणजे बाहेरचा माणूस खात्यातून बाहेर पडेल." फोनवर पाटी उमटते: खातं परत मिळवण्याचा प्रयत्न तुम्हीच करताय का? खाली तीन आकडे, त्यात ४७ असतोच. तो आकडा त्याला कुठून कळला? त्याच क्षणी त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर तुमचा ईमेल टाकून 'पासवर्ड विसरलो' निवडलेलं असतं आणि गूगलने त्याच्या पडद्यावर ४७ दाखवलेला असतो. आकडा जुळवण्याची सोय यासाठी आहे की दार उघडायला सांगणारा आणि दार उघडणारा एकच माणूस असावा. तुम्ही त्याने सांगितलेला आकडा दाबता आणि दार त्याच्यासाठी उघडतं. काही वेळा आकड्याऐवजी 'जी-' आणि पुढे सहा अंक असलेला एसएमएस येतो. तो वाचून दाखवला तरी हेच घडतं.

म्हणून कोणी फोनवर आकडा सांगून दाबायला लावत असेल, तर पुढचं काहीही ऐकू नका. पाटीवरचं 'नाही, मी नाही' दाबा. पासवर्ड रीसेट करायला किंवा खात्यातली अडचण सोडवायला गूगल तुम्हाला आपणहून फोन करत नाही. स्क्रीनवर 'गूगल' असं नाव झळकलं तरी त्याला अर्थ नाही, कारण फोनवरचं नाव आणि नंबर दोन्ही खोटे दाखवता येतात. तुम्ही काहीच केलेलं नसताना अशा पाट्या येत असतील, तर त्यावरून पासवर्ड फुटला आहे असंही ठरत नाही. 'पासवर्ड विसरलो' हा रस्ता पासवर्डशिवायच सुरू होतो, त्यासाठी तुमचा ईमेल माहीत असला की पुरे.

मेल खरा की खोटा या वादात न पडता तपासण्याची एक सोय आहे. मेलमधल्या कुठल्याही दुव्यावर न जाता स्वतः मायअकाउंट डॉट गूगल डॉट कॉम टाइप करा, 'सिक्युरिटी' उघडा आणि 'रिसेंट सिक्युरिटी ॲक्टिव्हिटी' पाहा. अनोळखी लॉगिन किंवा पासवर्ड बदलल्याची सूचना खरी असेल, तर ती तिथेही दिसते. तिथे काही नसेल, तर फोनवरच्या माणसाच्या 'केस क्रमांका'मागे काहीही नाही.

खऱ्या पत्त्याचा असा गैरवापर नवा नाही, आणि त्याचे दोन प्रकार तपशिलात समजून घेण्यासारखे आहेत. मे २०१७ मध्ये ओळखीच्या माणसाकडून डॉक्युमेंट शेअर झाल्याचे मेल पसरले. दुवा दाबल्यावर गूगलचंच खरं परवानगी पान उघडायचं आणि 'गूगल डॉक्स' नावाचं ॲप तुमचे मेल वाचण्याची, पाठवण्याची आणि संपर्क पाहण्याची परवानगी मागायचं. ते ॲप गूगलचं नव्हतं, चोराने त्याला ते नाव दिलं होतं. 'अलाउ' दाबलं की तोच मेल तुमच्या सगळ्या संपर्कांना जायचा. गूगलने साधारण तासाभरात हे थांबवलं. जीमेलच्या ०.१ टक्क्याहून कमी वापरकर्त्यांना फटका बसल्याचं कंपनीने सांगितलं. या प्रकारात पासवर्ड मागितलाच गेला नव्हता, कारण परवानगीच पासवर्डचं काम करत होती. त्या पानावर ॲपच्या नावावर टिचकी मारली असती, तर बनवणाऱ्याचा भलताच मेल पत्ता दिसला असता. आजही परवानगीच्या पानावर नावापेक्षा मागणी वाचा. फोटो सजवणाऱ्या ॲपला तुमचे मेल वाचायचं काहीच कारण नाही.

दुसरा प्रकार एप्रिल २०२५ मध्ये उघड झाला आणि तो अधिक हुशारीचा होता. चोराने गूगलवर एक ॲप नोंदवलं आणि त्याच्या नावाच्या जागी सगळा धमकीचा मजकूर घातला: तुमच्या खात्याची माहिती द्या असं समन्स आलंय, कागदपत्रं इथे पाहा. मग त्याने स्वतःच्याच एका खात्याला त्या ॲपची परवानगी दिली. नेहमीप्रमाणे गूगलने त्या खात्यावर 'नव्या ॲपला परवानगी मिळाली' असा इशारा पाठवला आणि त्यात ॲपचं नाव, म्हणजे तो मजकूर, आपोआप आला. गूगलची सही असलेला हा मेल चोराने जसाच्या तसा पुढे सावजाकडे ढकलला. मजकुरात काही बदललं नाही तर सही मोडत नाही, म्हणून ती टिकली. चोराच्या खात्याचा पत्ता 'मी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाने सुरू होत होता, त्यामुळे जीमेलमध्ये 'मला' आल्यासारखं दिसलं. दुवा साइट्स डॉट गूगल डॉट कॉमवरच्या पानाचा होता. गूगल साइट्सवर कोणीही पान बनवू शकतो, पण पाहणाऱ्याला फक्त 'गूगल डॉट कॉम' दिसतं. ही पळवाट गूगलने नंतर बंद केली.

त्यातून घ्यायच्या दोन सवयी मात्र कायम उपयोगी आहेत. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबला की 'मेल्ड-बाय' आणि 'साइन्ड-बाय' अशा दोन ओळी दिसतात. त्या मेलमध्ये सही गूगलची होती, पण मेल पोहोचवणारा सर्व्हर दुसऱ्याचाच होता. दोन्हींत फरक दिसला की हात आखडता घ्या. दोन्ही जुळले म्हणून निर्धास्तही होऊ नका, कारण फॉर्म्सच्या पोचेत ते जुळतातच. दुसरी सवय: गूगलचा पासवर्ड फक्त अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉमवर टाका. साइट्स, फॉर्म्स, डॉक्स यांपैकी कुठल्याही पानावर नाही. प्रत्येक फॉर्मच्या तळाशी गूगल स्वतः बारीक अक्षरांत लिहितं की फॉर्ममधून पासवर्ड कधीही देऊ नका. फार थोड्यांची नजर तिथवर जाते.

खातं गेलं म्हणजे फक्त मेल गेले असं समजू नका. पहिल्या काही मिनिटांत चोर पासवर्ड आणि रिकव्हरीचा फोन नंबर बदलतो, तुमच्या बाकीच्या उपकरणांना बाहेर काढतो. मग क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड पाहतो, फोटोंमध्ये ओळखपत्रांची छायाचित्रं शोधतो आणि इतर सेवांवर 'पासवर्ड विसरलो' दाबून येणारे दुवे तुमच्याच इनबॉक्समध्ये उघडतो. एप्रिल २०२३ पासून गूगल ऑथेंटिकेटर या ॲपमधले, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डनंतर लागणारे, कोड खात्यात साठवण्याची सोय आहे. फोन हरवला तर ती फार कामाची ठरते. पण खातं चोराच्या हाती पडलं, की इतर सेवांचं दुसरं कुलूपही त्याच खात्याबरोबर जातं. आमचं मत असं की ज्यांच्या ऑथेंटिकेटरमध्ये पैशांच्या व्यवहाराचे कोड आहेत, त्यांनी ही साठवण बंद ठेवावी आणि त्या सेवांचे बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना वापरायचे राखीव कोड, वेगळे जपावेत.

चूक झाल्याचं कळताच वेळ घालवू नका. एखाद्या उपकरणावर खातं अजून उघडं असेल, तर तिथूनच पासवर्ड बदला. सगळीकडून बाहेर पडला असाल, तर गूगलच्या खाते-परतीच्या पानावर जा, आणि तेही नेहमीच्या फोन किंवा कॉम्प्युटरवरून, नेहमीच्या ब्राउझरमध्ये, नेहमीच्या वायफायवर. दुसऱ्याचा फोन घेऊन, अनोळखी जागेवरून प्रयत्न केलात तर खरा मालक आणि चोर यांतला फरक यंत्रणेला दिसत नाही. जुना पासवर्ड अंधुक आठवत असला तरी टाका, रकाना रिकामा सोडू नका. चोराने रिकव्हरीचा फोन किंवा ईमेल बदलला असेल, तरी पूर्वीचा फोन किंवा ईमेल वापरून ७ दिवसांपर्यंत खातं परत मिळवण्याची संधी गूगल देतं. पण तो आधीपासून जोडलेला असेल तरच. बंद पडलेला जुना नंबर तिथे राहिला असेल, तर आजच बदला.

खातं परत मिळालं की बरेच जण पासवर्ड बदलून सुटकेचा श्वास सोडतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा फसतात. पासवर्ड बदलला तरी चोराने ठेवलेले फिल्टर, म्हणजे येणारे मेल आपोआप हलवणारे नियम, तसेच राहतात. कॉम्प्युटरवर जीमेलची पूर्ण सेटिंग उघडून 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस' पाहा. बँकेच्या नावाचे किंवा 'सिक्युरिटी' शब्द असलेले मेल वाचलेले दाखवून थेट कचऱ्यात टाकणारा फिल्टर बहुतेक तिथेच सापडतो. तो काढल्यावर कचराही पाहा, तिथे मेल ३० दिवस राहतात आणि चोराने काय काय लपवलं ते कळतं. मग 'फॉरवर्डिंग'मध्ये परका पत्ता आहे का, 'अकाउंट्स'मध्ये दुसऱ्याला तुमचं खातं वाचायची मुभा दिली आहे का, तेही बघा. सिक्युरिटीच्या पानावर उपकरणांची यादी, जोडलेली ॲप्स, पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या कुलपाने, म्हणजे बोटाचा ठसा, चेहरा किंवा पिनने, लॉगिन करण्याची सोय) आणि इतर ॲप्सना दिलेले १६ अक्षरी ॲप पासवर्ड तपासा आणि ओळखू न येणारं काहीही ठेवू नका. बॅकअप कोड नव्याने काढा. ८ अंकी १० कोड मिळतात, नवे काढताच जुने रद्द होतात. ते कागदावर उतरवा. त्यांचा फोटो काढून फोटोंमध्ये ठेवलात, तर ते चोराच्याच वाटेवर ठेवल्यासारखं होईल.

शक्य असेल तर पासकी लावा. ती खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे नकली पानावर चालत नाही आणि फोनवर वाचून दाखवण्यासारखं तिच्यात काही नसतं.

फसलेल्या माणसाला हे सगळं करताना आणखी एक मेसेज येतो: "खातं शंभर टक्के परत मिळवून देतो, कंपनीत आतली ओळख आहे." मदतीसाठी कुठे काही लिहिलं की असे मेसेज काही मिनिटांत सुरू होतात. परतीचा अर्ज तुमच्याच उपकरणावरून, तुमच्याच उत्तरांवर तपासला जातो. बाहेरच्या माणसाला त्यात हात घालता येत नाही. तो आधी फी मागेल, मग पडताळणीच्या नावाखाली फोनवर आलेला कोड मागेल. तो कोड दिलात तर उरलेलं खातंही जाईल.