तुरटी, स्प्लॅश की बाम: आठ महिने रोजच्या दाढीनंतर

वापराचा काळ जून ते जानेवारी. म्हणजे पावसाळा, ऑक्टोबरचा उकाडा आणि थंडी, तिन्ही ऋतू आले. आठवड्याला पाच-सहा दाढ्या, दुधारी ब्लेडचा साधा सेफ्टी रेझर, ब्रशने केलेला फेस. तीन गोष्टी आलटून पालटून वापरल्या आणि प्रत्येक ऋतूत प्रत्येकीला किमान दोन आठवडे सलग दिले (थंडीतला स्प्लॅश तेवढा सोडून, त्याचं कारण पुढे येईल): १०० ग्रॅमचा तुरटीचा खडा, अल्कोहोल असलेलं पातळ लोशन, ज्याला आता सगळे स्प्लॅश म्हणतात, आणि बिनअल्कोहोलचा बाम, म्हणजे दाढीनंतर लावायचं क्रीम; डोकेदुखीचा बाम नव्हे. त्वचा मिश्र: कपाळ-नाक तेलकट, गाल साधारण, मान कोरडी आणि चटकन लाल होणारी.

निष्कर्ष आधीच सांगतो: आफ्टरशेव्ह मानेकडे बघून निवडावं. कपाळाकडे बघून नाही.

‘माझी त्वचा तेलकट आहे’ असं आपण कपाळ आणि नाक चमकतं म्हणून म्हणतो. वस्तरा मात्र तिथे फिरतच नाही. तो फिरतो गालांवर, जबड्यावर आणि मानेवर. मानेची त्वचा पातळ असते, तिथे तेल कमी सुटतं आणि केस एका दिशेने उगवत नाहीत. कंठाच्या एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला आडवे किंवा थेट वर. तेलकट त्वचेसाठी म्हणून आणलेलं कडक लोशन नाकाला काहीच करत नाही आणि मानेला भाजून काढतं. त्यामुळे चाचणी दाढीच्या जागेवरच घ्यावी. दाढी नसलेल्या दिवशी सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टिपून कोरडं करा आणि तासभर काही लावू नका. मग टिश्यूचे दोन तुकडे घेऊन एक गालावर आणि एक हनुवटीखाली मानेवर पाच सेकंद दाबा. दोन्हींवर तेलाचा डाग उमटला तर तेलकट. गालाचा उमटला, मानेचा नाही, तर मिश्र. बरेच पुरुष इथेच असतात. डाग नाही आणि त्वचा ओढल्यासारखी वाटते, तर कोरडी. डाग काहीही म्हणो, साध्या पाण्यानेही चुरचुरत असेल तर संवेदनशील धरून चाला.

दाढीत नेमकं काय होतं ते लक्षात घेतलं की निवड सोपी जाते. पातं केसाबरोबर त्वचेचा सगळ्यात वरचा मृत थरही थोडा खरवडून नेतं. त्यात फेस अल्कधर्मी. साबणाच्या फेसाचा सामू (पीएच) ९ ते १० च्या आसपास, त्वचेचा स्वतःचा ५ च्या जवळ. दाढीनंतर त्वचा एकाच वेळी उघडी पडलेली आणि अल्कधर्मी झालेली असते. आतलं पाणी झपाट्याने उडतं आणि अर्ध्या तासात ती ओढल्यासारखी लागते. आफ्टरशेव्हने तीन कामं करायची: उरलेला साबण निष्प्रभ करणं, पाणी धरून ठेवणं आणि दाह शमवणं. यात सुगंध कुठेच येत नाही.

आता चरचरण्याबद्दल. ‘झोंबलं म्हणजे लागू पडलं’ ही समजूत फार खोल रुजलेली आहे. त्वचेतल्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारे संवेदक असतात, ते साधारण ४२ अंशांना जागे होतात. इथेनॉल, म्हणजे स्प्लॅशमधलं अल्कोहोल, ती पायरी ३४ अंशांपर्यंत खाली आणतं, आणि चेहऱ्याची त्वचा त्याच तापमानाला असते. म्हणून काहीही गरम नसताना भाजल्याचा निरोप मेंदूला जातो. मेंथॉल हेच थंडीच्या संवेदकांशी करतं. दोन्ही संवेदना खऱ्या, पण त्यावरून जंतू मेले की नाही किंवा त्वचा सुधारली की नाही हे काहीच कळत नाही. जंतू मारायला अल्कोहोल ७० टक्क्यांच्या आसपास लागतं आणि ते काही काळ ओलं राहावं लागतं. स्प्लॅशमध्ये ते बहुधा कमी असतं आणि काही सेकंदांत उडून जातं.

तुरटीपासून सुरुवात करू, कारण आठ महिन्यांत सगळ्यात जास्त शिकवलं ते तिनेच. गढूळ पाण्यात फिरवली की गाळ खाली बसवणारी हीच ती; पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट. ती आम्लधर्मी असते, त्यामुळे उरलेल्या साबणाचा अल्कधर्मीपणा मोडतो. वरच्या पेशींमधली प्रथिनं आकसतात, बारीक कापल्याचं रक्त थांबतं. पद्धत अशी: दाढी झाल्यावर गार पाण्याने चेहरा नीट धुवायचा, खडा ओला करायचा, दाब न देता गालावर आणि मानेवर एकदाच फिरवायचा. ३० ते ६० सेकंद थांबायचं आणि धुवायचंच. ही शेवटची पायरी सलूनमध्येही गाळली जाते. तुरटी चेहऱ्यावर वाळली की पांढुरकी पापडी धरते आणि दिवसभर ओलावा ओढत राहते. न धुता सोडलेल्या दिवसांत दुपारपर्यंत मानेवर कोंड्यासारखे पापुद्रे दिसायचे. धुतलेल्या दिवसांत नाही. धुतल्यावर ओलसर त्वचेवर बाम हवाच. तुरटीचं काम आवळण्याचं, ओलावा ती देत नाही.

तिचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. ती जिथे झोंबते तिथे हात चुकलेला असतो. डाव्या जबड्याखाली रोज झोंबत असेल तर तिथे दाब जास्त पडतोय, पात्याचा कोन चुकतोय किंवा केसांच्या उलट दिशेने हात फिरतोय. ती जागा ओळखून तेवढाच भाग सुलट, म्हणजे केसांच्या दिशेने केला, की चार-पाच दाढ्यांत झोंबणं उतरतं. सगळीकडे सारखंच झोंबत असेल तर पातं बदला. माझं ब्लेड चार दाढ्या नीट चालतं. पाचवीला तुरटी तक्रार करते.

खडा कोरडा ठेवा. साबणाच्या डबीत पाण्यात राहिला तर वितळून खडबडीत होतो आणि कडा काचेसारख्या धारदार होतात. पडून फुटला तरी तेच. तशी कड ओल्या बोटाने किंवा बारीक पॉलिश पेपरने घासून गोल करा. नीट वाळवला तर एक खडा वर्षाहून अधिक पुरेल. माझा आठ महिन्यांत निम्माही झिजलेला नाही. मात्र खडा प्रत्येकाचा वेगळा हवा, बापलेकांचासुद्धा. सलूनमध्ये एकच ओला खडा दिवसभर सगळ्यांच्या गालांवरून फिरतो. रक्तातून पसरणाऱ्या हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो आणि दाढीत न दिसणारे काप सगळ्यांनाच असतात. स्वतःचा छोटा तुकडा खिशात न्या, किंवा ‘तुरटी नको, गार पाणी मारा’ असं सरळ सांगा. वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही.

स्प्लॅश. मात्रा दीड मिलिलिटर, म्हणजे तळहातावर जुन्या रुपयाएवढं थारोळं. ते दोन्ही हातांवर पसरून थोपटायचं, चोळायचं नाही, आणि गळ्याच्या घाटीच्या वरच थांबायचं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत गालांवर याच्याइतकं हलकं दुसरं काही लागलं नाही. बाम तेव्हा घामाबरोबर चिकट होतो. मुंबई आणि कोकणपट्टीतल्या तेलकट गालांना वर्षातले सात-आठ महिने स्प्लॅश चालेल. डिसेंबरात मात्र तोच चौथ्या दिवशी बंद करावा लागला: गाल ताणलेले, तोंडाच्या कोपऱ्यांशी भेगा. मानेला तर तो पावसाळ्यातही मानवला नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात निव्वळ अल्कोहोलचा स्प्लॅश कोरड्या त्वचेवर लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लेबल वाचताना फसगत होते ती ‘अल्कोहोल’ या शब्दाने. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. अल्कोहोल डिनॅट (पिता येऊ नये म्हणून भेसळ केलेलं इथेनॉल) पहिल्या किंवा दुसऱ्या जागी असेल तर तो खरा स्प्लॅश. सिटाइल किंवा सिटिअरिल अल्कोहोल दिसलं तर घाबरू नका; ते मेणासारखे स्निग्ध पदार्थ आहेत, त्वचा कोरडी करत नाहीत. स्प्लॅश हवाच असेल तर पहिल्या पाचांत ग्लिसरीन असलेला घ्या. त्याने उडणारं पाणी थोडं तरी थोपतं.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेसाठी एक गोष्ट जास्त महत्त्वाची. गोऱ्या त्वचेवर जळजळ लाल दिसून जाते. आपल्याकडे ती काळा डाग ठेवून जाते आणि तो जायला काही महिने लागतात. मानेवर दाढीच्या रेषेत काळपट पट्टा दिसतो तो बहुतेकदा मळ नसतो, रोजच्या लहान लहान दाहाची ती साठवण असते. घासून तो वाढतो. त्यात लिंबूवर्गीय तेलांचा सुगंध असेल तर आणखी जोखीम: बर्गमॉटच्या नैसर्गिक तेलातले काही घटक उन्हात त्वचेवर ओघळाच्या आकाराचे डाग उठवतात. सुगंध आवडत असेल तर तो शर्टावर लावा. अनेक घरांत वडिलांच्या बाटलीचा वास हेच आफ्टरशेव्ह घेण्याचं कारण असतं, आणि ते मला पूर्ण समजतं. ओल्ड स्पाइस पुरुषांसाठी अमेरिकेत १९३८ साली आलं आणि तो वास अजून माणसांना धरून आहे. वास कॉलरवरही तितकाच टिकतो. सकाळी बाहेर पडणाऱ्यांनी बाम जिरल्यावर पाच-दहा मिनिटांनी एसपीएफ ३० चं सनस्क्रीन मानेपर्यंत लावावं. डाग फिके पडायला त्याची मदत सगळ्यात जास्त झाली.

बामची मात्रा भिजलेल्या हरभऱ्याएवढी. त्वचा टिपल्यावर किंचित ओलसर असतानाच लावायचा. वाळलेल्या त्वचेवर दुप्पट लागतो आणि वरच राहतो. ग्लिसरीन, पॅन्थेनॉल, ॲलँटॉइन, नायसिनामाइड या ओलावा धरणाऱ्या किंवा दाह शमवणाऱ्या घटकांपैकी दोन-तीन नावं पहिल्या निम्म्या यादीत हवीत. कोरफडीचं चित्र पुढे आणि कोरफड यादीच्या तळाशी, असे बाम बरेच आहेत. पैसे चित्राचे जातात. तेलकट त्वचेला बामऐवजी जेल घ्या आणि खोबरेल तेल, कोको बटर असलेलं टाळा, छिद्रं बुजून पुटकुळ्या येतात. १०० मिलीचा बाम साधारण १६० दाढ्यांना पुरला, स्प्लॅश ६५ ला. बाटली महाग वाटते, पण दर दाढीचा हिशेब बहुतेक वेळा जवळपास सारखाच येतो.

संवेदनशील त्वचेला सुगंधविरहित बामशिवाय दुसरं काही सुचवणार नाही. लिमोनीन, लिनॅलूल, सिट्रल ही नावं सुगंधाची आहेत. नवीन बाटली थेट चेहऱ्यावर नको: कोपराच्या आतल्या बाजूला, दोन बोटं रुंद जागेवर, दिवसातून दोनदा, सात दिवस. ॲलर्जी उशिरा उठते, एका दिवसाच्या चाचणीत ती सापडत नाही.

पाण्याकडे कुणी बघत नाही. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चोथा होतो आणि तो धुतल्यावरही त्वचेवर राहतो. मग कोणताही बाम लावा, खाज येतेच. शेवटचा हात पिण्याच्या पाण्याच्या एका तांब्याने धुवा. आठवडाभर करून बघा, आफ्टरशेव्ह बदलण्याची गरज आहे का ते तेव्हा कळेल.

कुरळ्या, राठ केसांच्या लोकांचा त्रास वेगळा आहे: कापलेलं टोक वळून पुन्हा त्वचेत शिरतं आणि मानेवर टणक पुटकुळ्या येतात. बाम किंवा तुरटीने ते सुटत नाही. त्वचा ताणून, उलट हाताने, अगदी गुळगुळीत दाढी करणं थांबवायचं. ट्रिमरने एक मिलिमीटर खुंट ठेवले तर बहुतेकांचा त्रास बराच कमी होतो. सॅलिसिलिक ॲसिडचं लोशन, अर्धा ते दोन टक्के, रात्री, एक दिवसाआड. दाढीनंतर लगेच नको, आणि त्या दिवशी तुरटीही नको.

औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली ट्यूब हा यातला सगळ्यात घातक प्रकार. लालसर पुरळावर ‘हे लावा, दोन दिवसांत जाईल’ म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर दिसली तर ती परत करा. दोन दिवसांत पुरळ जातं हे खरं; पण महिनोन् महिने दाढीनंतर लावत राहिलं की त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि बंद केल्यावर पुरळ दुपटीने परत येतं. पू भरलेल्या पुटकुळ्या दोन-तीन आठवड्यांत गेल्या नाहीत तर थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.

सध्याची घडी अशी बसली आहे. जून ते ऑक्टोबर: तुरटी, धुणं, गालांवर स्प्लॅशचे चार थेंब, मानेवर बाम. नोव्हेंबरपासून: तुरटी आठवड्यातून दोनदा, फक्त हात तपासायला, आणि सगळीकडे बाम. पहिल्यांदा खरेदी करणाऱ्याने सुगंधविरहित बामची सगळ्यात लहान बाटली आणि तुरटीचा खडा घ्यावा. महिनाभरात मान काय म्हणते ते बघून मगच स्प्लॅशचा विचार करावा.