प्रेडिक्ट ब्रेस्ट : आधी आपला रिपोर्ट वाचायला लावणारी वेबसाइट

टाके निघाले आणि पॅथॉलॉजीचा चार पानी रिपोर्ट हातात आला. त्यानंतरचे आठ दिवस मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोन घेऊन बसायचे. नुसतं 'ब्रेस्ट कॅन्सर' टाकलं की काय वाट्टेल ते समोर येतं. कुठे हाडांपर्यंत पसरलेल्या आजाराचे फोटो, कुठे लक्ष्मणफळ केमोपेक्षा दहा हजार पट भारी असल्याचा दावा. तो लक्ष्मणफळाचा मेसेज मला तीन नातेवाइकांनी पाठवला, तिघांनीही जीव तुटून पाठवला. डोकं भणभणायचं, आणि आपल्याला नेमकं काय झालंय ते मात्र कळायचं नाही. पुण्याला शिकणाऱ्या भाचीने शेवटी एक लिंक पाठवली, "आत्या, बाकी सगळं बंद कर, हे एकच बघ" म्हणून. ती ही वेबसाइट.

प्रेडिक्ट ब्रेस्ट इंग्लंडमध्ये केंब्रिजला तयार झालं. पूर्व इंग्लंडमध्ये १९९९ ते २००३ या काळात निदान झालेल्या ५,६९४ बायकांच्या नोंदींवरून आधी गणित बसवलं आणि २०१० मध्ये ते प्रसिद्ध केलं. ऑपरेशननंतर हार्मोनची (म्हणजे हार्मोनचा परिणाम रोखणारी) गोळी, केमो वगैरे घेतल्याने आपल्यासारख्या बायकांना किती फायदा झाला, हे ते सांगतं. पैसे लागत नाहीत, नाव-नंबर मागत नाहीत. मी वापरली ती दुसरी आवृत्ती. २०२४ मध्ये तिसरी आली आहे, त्यामुळे तुम्हाला स्क्रीन थोडी वेगळी दिसेल.

मी कराडची. चोवीस वर्षं भूमी अभिलेखमध्ये काढली आहेत. सातबारा हातात आला की आधी नाव, मग क्षेत्र, मग इतर अधिकार, आणि शेवटी प्रलंबित फेरफार आहे का, या क्रमाने नजर फिरते. स्वतःचा रिपोर्ट मात्र मी एकदाही तसा वाचला नव्हता. वेबसाइटने तो वाचायला लावला, कारण ती पुढे जायच्या आधी प्रश्नच विचारते. वय किती, पाळी गेली का, गाठ किती मिलिमीटर, ग्रेड (पेशी किती बिघडल्यात) कोणती, काखेतल्या किती गाठींमध्ये आजार सापडला, ईआर (गाठ हार्मोनवर वाढते का) काय, हर टू (पेशींवरचं एक प्रथिन) काय, केआय ६७ (पेशी किती वेगाने वाढतात) काय. गाठ स्वतःला लागली की तपासणीत सापडली, हेही विचारतात. प्रत्येक प्रश्नाशेजारी एक बारीक खूण आहे, ती दाबली की अर्थ कळतो. माझ्या रिपोर्टमध्ये केआय ६७ अठरा टक्के होतं. ते जास्त की कमी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे कळलं की इथे दहा टक्क्यांच्या वर पॉझिटिव्ह धरतात.

पहिल्याच वेळी मी चूक केली, ती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. रिपोर्टमध्ये गाठ २.२ बाय १.८ बाय १.५ सेंटिमीटर होती. मी २.२ टाकलं. उत्तर इतकं छान आलं की मला रडूच फुटलं, मुलाला उठवून दाखवलं. सकाळी चहा घेताना लक्षात आलं, तिथे मिलिमीटर मागतात. आयुष्यभर लोकांच्या मोजण्या तपासल्या आणि स्वतःच्या गाठीचं एकक चुकवलं. २२ टाकल्यावर आकडा खाली आला. तरीही मी जेवढी घाबरले होते तेवढा खाली नव्हता.

मग हर टूपाशी अडले. तिथे तीन पर्याय आहेत : पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि माहीत नाही. माझ्या रिपोर्टवर होतं 'टू प्लस'. हे कशात टाकायचं? शोधलं तेव्हा समजलं की शून्य आणि वन प्लस म्हणजे निगेटिव्ह, थ्री प्लस म्हणजे पॉझिटिव्ह, आणि टू प्लस म्हणजे निकाल लागलेलाच नाही. त्यासाठी फिश नावाची वेगळी तपासणी करावी लागते. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर, सहीच्या वर, अगदी बारीक अक्षरांत तेच लिहिलेलं होतं. प्रलंबित फेरफार होता तो, आणि आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता.

मी तिन्ही पर्याय टाकून पाहिले. पॉझिटिव्ह केलं की ट्रास्टुझुमॅब या इंजेक्शनची ओळ उघडते, निगेटिव्हला ती बंद राहते. म्हणजे वर्षभर, दर तीन आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन मला लागणार की नाही, हे त्या एका तपासणीवर होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं, "डॉक्टर, हर टू टू प्लस आहे, फिशला पाठवलंय का?" त्यांनी पानं उलटली, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "नाही पाठवलं. बरं झालं विचारलंत मॅडम." राग आला मला, खोटं कशाला बोलू. केमोची तारीख चार दिवसांवर होती.

फिशसाठी ब्लॉक, म्हणजे काढलेल्या गाठीचा मेणात जपून ठेवलेला तुकडा, लागतो. तो पेशंटला मागता येतो, अर्ज करून सही दिली की मिळतो, हे मला माहीत नव्हतं. लॅबमधल्या मुलाने छोट्या पाकिटात घालून दिला. एसटीत पुण्याला जाताना मी तो बाहेर काढून पाहिला. फिकट प्लास्टिकची काडेपेटीपेक्षा लहान चौकट, तिच्यावर बारीक आकडा, आणि आत पांढऱ्या मेणात नखाएवढा तपकिरी तुकडा. माझाच तुकडा. उन्हाने मेण पाघळेल या भीतीने खिडकीकडची बाजू सोडून बसले, पाकीट दोन्ही हातांत धरून. आठ दिवसांनी रिपोर्ट आला : निगेटिव्ह. ते इंजेक्शन लागणार नव्हतं. त्याहून मोठी गोष्ट, आता ते नक्की माहीत होतं.

सगळी उत्तरं खरी भरल्यावर मग मुलाला शेजारी बसवून निकाल पाहिला. निकाल पाच प्रकारे दाखवतात. आलेख मला पाहवेना, खाली उतरणारी रेघ आहे ती. शंभर बायकांचं चित्र मात्र मला कळलं. नुसत्या ऑपरेशनने दहा वर्षांनी जिवंत असणाऱ्या एका रंगात, हार्मोनच्या गोळीमुळे वाढलेल्या दुसऱ्या, केमोमुळे वाढलेल्या तिसऱ्या. मी स्क्रीनवर बोट ठेवून मोजल्या. केमोवाल्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या, गोळीवाल्या त्याहून जास्त. मला हे पूर्ण उलटं वाटत होतं. केमो म्हणजे खरं औषध आणि गोळी म्हणजे वरचं काहीतरी, असा माझा समज होता. माझ्यासारख्या ईआर पॉझिटिव्ह बाईला ती रोजची गोळी किती मोलाची आहे, ते मला त्या चित्राने दाखवलं.

प्रिंट काढून डॉक्टरांकडे नेली. त्यांनी ती बाजूला सारली नाही, पेन घेऊन तिच्यावरच समजावलं. केमो घ्यायची की नाही यावर आम्ही पाऊण तास बोललो. मी घेतली. त्या चार-पाच जणींत मी असेन तर, हा विचार माझ्याने बाजूला ठेवता आला नाही. तुमचा रिपोर्ट वेगळा असेल, आणि तुम्ही वेगळं ठरवाल.

आता उणिवा. मी वापरलं तेव्हा मराठी नव्हतं, सगळं इंग्रजीतच वाचावं लागलं. आमच्या वॉर्डातल्या मसूरच्या काकूंना मी शेजारी बसून एकेक प्रश्न सांगितला तेव्हाच जमलं. मराठी झालं तर किती बायकांचं भलं होईल! दुसरं, यातल्या बायका इंग्लंडच्या आहेत, आपल्या नाहीत. तिकडची तपासणी, तिकडचे दवाखाने. म्हणून मी टक्क्यांपेक्षा कोणत्या औषधाचा फायदा जास्त हे पाहिलं. तिसरं, आधी ऑपरेशन झालेल्या बायकांसाठीच हे आहे. गाठ मोठी म्हणून आधी केमो देऊन नंतर ऑपरेशन केलेल्या, किंवा आजार दुसरीकडे पसरलेल्या बायकांनी हे भरू नये, उत्तर चुकीचं येईल. आपल्याकडे अशा बायका खूप आहेत, त्यांना हे कळकळीने सांगते. चौथं, आजार उलटेल का हे यात कळत नाही, फक्त आयुष्याचं कळतं. मी वापरलेल्या आवृत्तीत रेडिएशनचा हिशेबही नव्हता.

आणि हे रात्री एकटीने पाहू नका. मी पहिल्यांदा पाहिलं ते तसंच पाहिलं, म्हणून सांगते. दिवसा बघा, सोबत कुणीतरी असू द्या, मूळ रिपोर्ट समोर ठेवा. एखादं उत्तर रिपोर्टमध्ये सापडलं नाही तर अंदाजाने भरू नका, तोच प्रश्न चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांकडे न्या. प्रिंट दोन काढा, एक त्यांच्या फाइलला लावायला सांगा.

गोळीने सांधे धरतात, सकाळी मुठी वळत नाहीत. पाच वर्षं घ्यायची आहे. डबी चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवली आहे, अजून एकही दिवस चुकलेला नाही.