जुन्या गाडीची तेलगळती: कमी झालेलं तेल भरत (टॉप-अप करत) राहायचं की जोडात तेल अडवणारं रबरी गास्केट बदलायचं?

कुठलाही पर्याय निवडण्याआधी इंजिनावरचा काळा, चिकट थर डीग्रीजरने (तेलकट मळ काढणाऱ्या द्रावणाने) काढा. इंजिन थंड असताना, अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) झाकून. मळ असेपर्यंत गळती कुठून आहे ते कळतच नाही. तेल वरून ओघळतं आणि आळ येतो खालच्या ऑइल पॅनवर, म्हणजे तेल साठतं त्या भांड्यावर! मग रात्रभर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी दोन-चार थेंबच दिसले, तर डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) बघत टॉप-अप करणं स्वस्त आणि पुरेसं. पण व्हॉल्व्ह कव्हरमधून (इंजिनाच्या वरच्या झाकणातून) तेल एक्झॉस्टच्या गरम पाइपवर पडून जळका वास येत असेल, तर सरळ गास्केट बदला. रबर कडक झाल्यावर बोल्ट कितीही आवळले तरी उपयोग नाही, उलट कव्हर वाकायचं. गळती थांबवणाऱ्या बाटलीतल्या औषधांवर माझा तरी विश्वास नाही.