शाळेच्या तळमजल्यावरील रेडॉन तपासणी: एका खासगी प्रयोगशाळेच्या सेवेचे परीक्षण

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीने मुंबईच्या उपनगरातील महापालिका शाळेच्या तळमजल्यावर एका खासगी प्रयोगशाळेकडून रेडॉन या किरणोत्सारी वायूची तपासणी करून घेतली. मुंबई दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेली आहे आणि ग्रॅनाइटच्या तुलनेत या पाषाणात युरेनियम, म्हणजे रेडॉनचा मूळ स्रोत, बरेच कमी असते. शिवाय जुन्या शाळांच्या मोठ्या खिडक्या आणि सिमेंटच्या जाळ्यांमधून वारा खेळता राहतो. त्यामुळे या तपासणीची इथे गरज काय, हा पालकांचा प्रश्न रास्त होता. मात्र गेल्या काही वर्षांत तळमजल्यावरच्या संगणक कक्षाला वातानुकूलन यंत्र बसले, खिडक्या कायमच्या बंद झाल्या आणि बालवाडीच्या खोलीतील जाळ्या धुळीमुळे प्लायवूडने झाकल्या गेल्या. जमिनीला टेकलेली फरशी आणि बंद हवा एकत्र आल्यावर पाषाणाच्या भरवशावर राहणे मला योग्य वाटत नाही.

रेडॉनला रंग नाही, वास नाही. युरेनियमच्या क्षयसाखळीत, म्हणजे एका मूलद्रव्यापासून पुढचे बनत जाण्याच्या क्रमात, रेडियमपासून तो तयार होतो, त्याचे अर्धायुष्य (निम्मा वायू विघटित होण्याचा काळ) 3.8 दिवसांचे असते आणि जमिनीतून फरशीच्या भेगांवाटे तो वर येतो. श्वासावाटे आत गेलेली त्याची पोलोनियमसारखी अपत्यद्रव्ये, म्हणजे त्याच्या विघटनातून बनणारी द्रव्ये, फुप्फुसात अल्फा कण नावाचे किरणोत्सारी कण सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्ये रेडॉनची नोंद मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांमध्ये केली.

प्रयोगशाळेने आम्हाला दोन पर्याय दिले होते. पहिला, काही दिवस ठेवायच्या कोळशाच्या डब्यांचा, स्वस्त होता. दुसरा, तीन महिने टांगून ठेवायच्या फिल्मच्या डब्यांचा. कोळसा हवेतील ओल शोषतो आणि दमट हवेत त्याच्या मापनावर परिणाम होतो, हे त्यांच्या तंत्रज्ञाने स्वतःहून सांगितले आणि महागडा पर्याय का घ्यावा हे नीट समजावले. फिल्मवर अल्फा कणांचे सूक्ष्म चरे उमटतात. रसायनात धुऊन ते मोजले की संपूर्ण काळाची सरासरी मिळते. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असते, त्यामुळे सुट्टी संपल्यावर डब्या लावून वार्षिक परीक्षेपूर्वी काढण्याचे वेळापत्रक त्यांनीच सुचवले, आणि ते अचूक होते.

डब्या लावण्याचे काम मी जवळून पाहिले. खिडकी, पंखा आणि वातानुकूलन यंत्राचा झोत टाळून, मुले बसल्यावर जिथे श्वास घेतात साधारण त्या उंचीवर, पण हाताला लागणार नाहीत अशा जागी त्या टांगल्या गेल्या. काही खोल्यांत शेजारी-शेजारी दोन डब्या लावल्या, म्हणजे दोन्ही आकडे जुळतात का ते कळावे; काही डब्या न उघडता तशाच परत नेल्या, म्हणजे प्रवासात किंवा साठवणीत फिल्मवर आलेला परिणाम वजा करता यावा. ज्या सेवेच्या दरपत्रकात या दोन गोष्टी नसतील तिचा अहवाल मी ग्राह्य धरणार नाही. दुसऱ्या मजल्यावरील वर्गांत लावलेल्या डब्यांचा खर्च मात्र अनावश्यक होता, कारण प्राधान्य जमिनीला लागून असलेल्या आणि रोज वापरात असलेल्या खोल्यांना द्यायचे असते.

निकाल दिलासा देणारा होता. सगळ्या वर्गांची सरासरी जागतिक आरोग्य संघटनेच्या 100 बेकरेल (किरणोत्साराचे एकक) प्रति घनमीटर या संदर्भ पातळीच्या बरीच खाली होती. फक्त संगणक कक्षाचा आकडा इतरांहून ठळकपणे वर होता, पण तोही मर्यादेच्या आत. तरीही प्रयोगशाळेने तासागणिक नोंद करणारे यंत्र त्या कक्षात आणून ठेवले, आणि या सेवेचे खरे मोल मला तिथे दिसले. तीन महिन्यांच्या सरासरीत रात्रीचे आणि रविवारचे बंद खोलीतले तासही मिसळलेले असतात. मुले खोलीत असताना हवा कशी असते हे वेगळे पाहावे लागते. सकाळी दार उघडल्यावर पातळी उतरत होती, पण वातानुकूलन यंत्र सुरू होऊन दार लागले की पुन्हा चढत होती, कारण हे यंत्र खोलीतलीच हवा फिरवते, बाहेरची ताजी हवा आत घेत नाही.

उपायाबाबत मात्र पहिल्या अहवालावर मी नाराज आहे. त्यात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवण्याचा सल्ला होता. खिडक्या बंद असलेल्या खोलीत असा पंखा आतला दाब कमी करतो आणि भेगांतून जमिनीतला वायू आणखी ओढला जाऊ शकतो. आम्ही हरकत घेतल्यावर त्यांनी सल्ला बदलला: बाहेरची हवा गाळून आत घेणारा पंखा, आणि फरशीतून वर आलेल्या विजेच्या नळ्यांभोवतीची भोके लवचीक लेपाने बुजवणे. अतिथंड देशांत वापरली जाणारी, फरशीखाली नळी घालून वायू पंख्याने छतावर सोडण्याची पद्धत इथे लागणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. महागडे काम गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला नाही, याची नोंद घेतली पाहिजे.

दुसरी तक्रार अहवालाच्या भाषेची. तो पूर्ण इंग्रजीत होता, आणि काही तक्त्यांत बेकरेल तर काहींत पिकोक्युरी हे अमेरिकेत वापरले जाणारे एकक होते. अमेरिकेत कारवाईची पातळी 4 पिकोक्युरी प्रति लिटर, म्हणजे 148 बेकरेल प्रति घनमीटर, आहे. एकाच कागदावर 2 आणि 74 असे आकडे पाहून पालकांना दोन वेगळ्या खोल्यांची मापने वाटली, प्रत्यक्षात ती एकाच पातळीची होती. काम देणाऱ्या समितीने मराठी सारांश आणि एकच एकक या अटी आधीच लिहून घ्याव्यात. उपाय झाल्यानंतरच्या फेरतपासणीचा खर्चही मूळ दरातच धरून घ्यावा. आम्ही तो मागून मिळवला आणि संगणक कक्षात नव्या डब्या लागल्या आहेत.