जंप साप्ताहिक की तांकोबोन?

टोकियोत नोकरीला गेलेल्या मित्राचा प्रश्न: मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, दर सोमवारी ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात वाचू, की तांकोबोन, म्हणजे एकेका मालिकेचे खंड, विकत घेऊ?

पानामागे हिशेब केला तर साप्ताहिक फारच स्वस्त. साधारण 300 येनमध्ये वीसेक मालिका. तांकोबोन 500 येनच्या आसपास, पानं जेमतेम 200. पण त्या वीसपैकी तू वाचणार तीन-चार! टिकाऊपणाचं तर विचारूच नकोस. साप्ताहिकाचा कागद रद्दीच्याच लायकीचा.

पैसा कुणाला मिळतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. साप्ताहिक चित्रकाराला पानामागे मानधन देतं, त्यातलं बरंच मदतनिसांच्या पगारात जातं. खरी कमाई खंडांच्या रॉयल्टीची, साधारण 10 टक्के. मालिकेवर ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, आलं की चित्रकार मालामाल, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात नफा निर्मिती समितीतल्या, म्हणजे ॲनिमेत मिळून पैसा घालणाऱ्या कंपन्यांच्या गटातल्या, गुंतवणूकदारांचा. समितीत वाटा नसलेल्या स्टुडिओला ठरलेली रक्कम, बस. चित्रकाराचा मोठा फायदा खंडांचा खप वाढल्याने होतो. 2019च्या ॲनिमेनंतर ‘किमेत्सु नो याइबा’ (‘डीमन स्लेयर’) या जंपमधल्या मालिकेचं तेच झालं.

साप्ताहिकाची ताकद वेगळीच आहे: वाचकांच्या पसंतीचं कार्ड, ज्यावर वाचक आपल्या आवडत्या मालिका कळवतात. नवी मालिका चालणार की गुंडाळणार, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

तेव्हा नवं काही चाखायचं आणि त्याला मतही द्यायचं, तर साप्ताहिक घे. एक-दोनच लाडक्या मालिका पुन्हापुन्हा वाचायच्या असतील, तर तांकोबोन. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते आणखी स्वस्त मिळतात, फक्त त्यातलं चित्रकाराला काहीच जात नाही.