भिंतीतली ओल मोजणारा मीटर: जळगावच्या घरात नऊ महिने

गेल्या ऑगस्टमध्ये मी दोन टोकांचा ओलावा मीटर ऑनलाइन मागवला, तेराशे रुपयांना. पुरेसा वापरल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण अशी वस्तू पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच आवडते. आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. या नऊ महिन्यांत त्याने आमची एक भिंत वाचवली आणि माहेरची एक भिंत विनाकारण फोडायला लावली. दोन्ही सांगते.

आमचं घर नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, २००४ साली बांधलं. नऊ इंची विटांच्या भिंती, खाली काळी माती. बेडरूम आणि बाथरूम यांच्यात एकच भिंत, आणि तिला लागून सासूबाईंचं सागवानी कपाट. मागच्या वर्षी मे महिन्यात त्या कपाटातल्या गोधड्यांना कुबट वास यायला लागला. बाहेर पारा ४४ अंशांवर, दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात कडक होतोय, आणि घरात कुबट वास! आम्ही गोधड्या गच्चीवर उन्हात टाकल्या आणि विषय सोडून दिला. त्याच सुमारास ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, काही कारण नसताना अधूनमधून पडायला लागला. इलेक्ट्रिशियनने तो बदलून दिला, तरी पडायचा तो पडायचाच. या दोन गोष्टी एकाच भिंतीतून येत आहेत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

जुलैत कपाट सरकवलं तेव्हा मागचा रंग फुगलेला दिसला. बोटाने दाबला की पुरीतली वाफ जावी तसा खाली बसायचा. स्कर्टिंगच्या वर लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या क्षारांची पांढरी भुकटी, आणि दाराच्या चौकटीच्या पायाशी वाळवीची पेन्सिलएवढी मातीची नळी. सगळ्यांचं मत एकच: पावसाची ओल आहे, दिवाळीला वॉटरप्रूफ पुट्टी मारून घ्या. पण वास तर मे महिन्यापासूनचा होता. तेव्हा कुठला पाऊस? म्हणून हा मीटर घेतला.

आपल्या खानदेशात ओल लपते ती उन्हामुळे. हवा इतकी कोरडी की भिंतीच्या वरच्या थरातलं पाणी दिसायच्या आत उडून जातं. डाग पडत नाही, हाताला ओलं लागत नाही, आत मात्र वीट भिजत राहते. पाणी उडताना विटेतले क्षार बाहेर आणून ठेवतं, तोच लोणा. पुसला तरी पंधरा दिवसांत परत येत असेल, तर आत पाण्याची वाट अजून चालू आहे असं समजायचं.

मीटरचं काम सोपं आहे. दोन अणकुचीदार टोकं गिलाव्यात टेकवायची. ओल्या वस्तूतून वीज सहज जाते, कोरड्यातून जात नाही, त्यावरून आकडा येतो. पण हा आकडा लाकडासाठी बेतलेला असतो. लाकडात ओलावा सतत २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी लाकूड कुजवायला लागते, तिथे तो आकडा खरा धरता येतो. भिंतीवर ३४ दिसलं म्हणजे भिंतीत ३४ टक्के पाणी आहे, असं मुळीच नाही. विकणारे हे सांगत नाहीत आणि सोबतच्या चिठोऱ्यात त्याबद्दल एक ओळही नाही, याचा मला खरोखर राग आला. भिंतीवर आकड्याला अर्थ येतो तो तुलनेनेच. आधी घरातल्या नक्की कोरड्या भिंतीवर माप घ्या. आमच्या हॉलची भिंत ९ दाखवते, तीच आमची कोरडी खूण.

मग मी संशयित भिंतीवर खडूने एकेक फुटाच्या चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीत आकडा लिहिला. बोर्डाच्या आणि वायरिंगच्या आसपास टोकं टोचायची नाहीत, तिथे मी हात लावला नाही. तासाभरात भिंतीवर नकाशाच उभा राहिला. जमिनीलगत १९, छताशी १०, आणि चार फुटांवर, उजवीकडे, ३४. ओल पायातून चढत असती तर सगळ्यात मोठा आकडा खाली आला असता, गच्चीतून उतरत असती तर वर. मध्येच डोंगर उभा राहिला म्हणजे पाणी भिंतीच्या पोटातून येतंय. पलीकडे बरोबर त्याच उंचीवर शॉवरचा नळ आहे.

तरी फोडायच्या आधी टाकीची परीक्षा घेतली. आमच्याकडे नळ दिवसाआड येतो, त्यामुळे गच्चीवरची टाकी भरून ठेवलेली असते. पोळ्याला आम्ही सगळे गावी जाणार होतो. निघताना टाकीत येणारं पाणी बंद केलं, फ्लशच्या टाकीचा कॉक बंद केला, कारण गळका फ्लश सगळा हिशोब बिघडवतो, आणि काठी बुडवून पाण्यावर खूण केली. छत्तीस तासांनी पाणी एक सेंटीमीटर उतरलेलं. टाकीचा व्यास ११० सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेनऊ लिटर पाणी घरात कुणी नसताना गेलं. (टाकी उतरली नाही तर गळती सांडपाण्याच्या बाजूची असू शकते. मग नहाणीचा ट्रॅप बोळ्याने बंद करून फरशीवर इंचभर रंगीत पाणी साठवून बघतात.)

प्लंबरभाऊंनी आधी सगळ्या टाइला बोटाच्या पेराने ठोकून पाहिल्या. चार टाइला पोकळ वाजल्या, बाकीच्या भरीव. मग हात भिंतीवर ठेवून म्हणाले, "ताई, वरतून कोरडी दिखस, पन मझार वल्ली शे." (वरून कोरडी दिसते, पण आत ओली आहे.) टाइल निघाली तेव्हा आतली वीट काळपट लाल, ओल्या मातीसारखा वास, आणि जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाईपच्या गंजलेल्या एल्बोवर (कोपऱ्याच्या जोडावर) केसाएवढी चीर. तिच्यावर थेंब जमायचा, फुगायचा, पडायचा. सेकंदाला एक. मी बराच वेळ तो थेंबच बघत बसले होते. आमचा एवढा खर्च, सासूबाईंच्या लग्नातल्या कपाटाची पाठ, सगळं त्या थेंबाने खाल्लं होतं.

लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकच्या पाईपची, करून घेतली. ईएलसीबी त्यानंतर एकदाही पडला नाही. मीटरची खरी किंमत मात्र मला पुढे कळली. पेंटर दुसऱ्याच आठवड्यात पुट्टी लावायला तयार होता. मी दर रविवारी त्याच चौकटीत माप घेत राहिले: ऑक्टोबरात ३१, डिसेंबरात २२, जानेवारीअखेर १४. नऊ इंची भिंत वाळायला महिने लागतात, आणि ओल्या भिंतीवर पुट्टी चढवली की ओल आतच कोंडते. दिवाळी पोपड्यांसकट काढली. रंग गुढीपाडव्याला दिला, आकडा ९ वर आल्यावर.

आता चूक. आखाजीला पारोळ्याला माहेरी गेले तेव्हा मीटर सोबत होता. मागच्या खोलीच्या भिंतीवर ३८ आला आणि मी दादाला ठामपणे सांगितलं, फोड. गवंडी लावून दोन फूट गिलावा काढला, तर आतली वीट खणखणीत कोरडी. त्या भिंतीपलीकडे पूर्वी गोठा होता. गुरांच्या मुतातले क्षार वर्षानुवर्षं विटांत मुरलेले, आणि क्षार असले की जरा दमटपणातही वीज सहज वाहते. मीटरला क्षार आणि पाणी यांतला फरक कळत नाही. गिलाव्यात लोखंडी जाळी असली तरी तो असाच फसतो. दादा काही बोलला नाही, मजुरीचे पैसे मी दिले. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस भिंतीवर ठेवायला हवा होता. भिंतीच्या बाजूने थेंब धरले तर ओल आतून, खोलीच्या बाजूने धरले तर हवेतला दमटपणा. तो कोरडाच निघाला असता आणि हातोडी लागली नसती.

बाकी किरकोळ: टोकांनी रंगावर बारीक भोकं पडतात. बॅटरी उतरली की आकडे चुकू शकतात, म्हणून दर वेळी आधी हॉलच्या भिंतीवर ९ येतो का ते बघते. उन्हाळ्यात दुपारी मी मीटरच्या आधी हाताची मागची बाजू भिंतीवर फिरवते. माठ ज्या कारणाने गार राहतो त्याच कारणाने ओली जागा आजूबाजूपेक्षा गार लागते.

गेल्या आठवड्यात अशीच गार जागा खिडकीखाली सापडली. मीटर लावला तर २२. कूलरची टाकी मागून ठिबकत होती आणि पाणी चौकटीच्या फटीतून आत उतरत होतं. कूलर चार बोटं बाहेर घेतला, फट सिलिकॉनने भरली. काल तिथे १७ होता.